‘लाईट गेली’ म्हणजे नेमकं काय गेलं? : चौथी-पाचवीला ऊर्जेची रूपं शिकवताना

ऊर्जेचा पाठ सुरू करताना व्याख्या लिहायच्या आधी वर्गातला पंखा बंद करावा आणि विचारावं, पंखा का थांबला? बटणाकडे कोणाचं लक्ष नसेल तर उत्तर ठरलेलं असतं : ‘लाईट गेली.’ दिवसाउजेडी, एकही दिवा लागलेला नसताना लाईट गेली. घरी येतं ते लाईट बिल, रस्त्याकडेला असतो तो लाईटचा खांब. मुलांच्या बोलण्यात प्रकाश आणि वीज यांना एकच शब्द आहे, आणि आपण सरळ ‘प्रकाश ऊर्जा, विद्युत ऊर्जा’ असं लिहायला घेतलं की अर्ध्या वर्गाला एकाच गोष्टीची दोन नावं लिहिल्यासारखं वाटतं. भरीला ‘वीज’ आभाळातूनही पडते.

म्हणून आमची पहिली तासिका शब्दांवरच जाते. ताकद, जोर, दम, बळ, शक्ती, करंट, एनर्जी : मुलं हे शब्द कुठे कुठे वापरतात ते त्यांनाच सांगू द्यायचं आणि फळ्यावर लिहायचं. ‘त्याच्यात लय एनर्जी आहे’ हे वाक्य हमखास येतं. ‘बॉल जोरात आला’ हेही. यातलं काहीही खोडायचं नाही. फक्त एवढं ठरवायचं की विज्ञानाच्या वहीत ‘ऊर्जा’ हा शब्द तेव्हाच लिहायचा, जेव्हा काहीतरी हललं, तापलं, वाजलं, उजळलं, किंवा तसं होण्याची तयारी कुठेतरी साठलेली आहे. व्याख्या म्हणून हे अपुरं आहे, पण दहा वर्षांच्या मुलाला हाताशी धरायला पुरतं. ‘कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा’ हे वाक्य सहावीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या पाठाला राखून ठेवलेलं बरं, कारण चौथीच्या मुलाला कार्य म्हणजे लग्नकार्य.

दुसरा घोटाळा मोठ्यांच्याही बोलण्यात आहे. सौर ऊर्जा, पवन ऊर्जा, जलऊर्जा ही नावं ऊर्जा कुठून आली ते सांगतात. उष्णता, प्रकाश, गती, ध्वनी ही नावं ती आत्ता कशी दिसते ते सांगतात. दोन्ही याद्या एकाखाली एक लिहिल्या की मुलं ‘ऊर्जेचे प्रकार : सौर, पवन, उष्णता, ध्वनी’ असा मिसळीचा रस्सा करतात. आम्ही दोन रंगांचे खडू वापरतो. पिवळ्याने ‘कुठून आली?’ आणि पांढऱ्याने ‘आत्ता कशात आहे?’ पवनचक्कीपाशी पिवळ्यात वारा, पांढऱ्यात गती. सूर्यापाशी पिवळ्यात सूर्य, पांढऱ्यात प्रकाश आणि उष्णता. हे दोन खडू शेवटच्या तासिकेपर्यंत सोडायचे नाहीत.

रूपांची यादी पाठ करून घेण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. सात नावं दोन दिवसांत पाठ होतात आणि तेवढ्याच वेळात विसरली जातात. टिकतो तो बाण. ‘आधी कशात होती → आता कशात गेली’ एवढं प्रत्येक प्रयोगानंतर वहीत लिहायचं, बाकी वर्णन ऐच्छिक. एकूण आठ तासिका, प्रत्येकी पस्तीस मिनिटांच्या. तीस मुलांचे पाच-पाचचे सहा गट. गटात एकाकडे साहित्य, एकाकडे मोजपट्टी, एकाकडे वही, आणि दर तासिकेला ही कामं बदलायची. नाहीतर हुशार मूल साहित्य धरून बसतं आणि बाकीचे चौघं प्रेक्षक होतात.

सुरुवात गोटीपासून करावी. वायरिंगसाठी मिळणारी प्लॅस्टिकची केसिंग पट्टी घ्यायची, एक मीटर लांबीची. वरचं झाकण काढलं की तिची पन्हाळीसारखी खाच तयार मिळते आणि साधी काचेची गोटी त्यातून छान धावते. एक टोक जमिनीवर, दुसरं वह्यांच्या गठ्ठ्यावर. खालच्या टोकाला कागदी पेला उपडा ठेवायचा. त्याच्या काठाला गोटी आत शिरेल एवढी कमान कापून ठेवायची. गोटी घरंगळत येते, पेल्यात शिरते आणि पेल्याला घेऊन पुढे सरकते. १० सेंटीमीटर उंचीवरून सोडली तर पेला साधारण वीतभर सरकतो, २० सेंटीमीटरवरून जवळपास दुप्पट. प्रत्येक उंचीवरून तीनदा सोडायची आणि तिन्हींपैकी मधला आकडा लिहायचा. सरासरीचा भागाकार चौथीच्या मुलांना प्रयोगातून बाहेर खेचतो, मधला आकडा नुसता नजरेने काढता येतो.

इथे बिघडतं ते असं. मुलं गोटी सोडत नाहीत, ढकलतात. उपाय : गोटीपुढे पट्टी आडवी धरायची आणि ती वर उचलायची. फरशीच्या सांध्यात पेला अडतो, म्हणून खाली पुठ्ठा किंवा जुन्या कॅलेंडरचा गुळगुळीत कागद अंथरायचा. पट्टीचं खालचं टोक जमिनीपासून उचललेलं असेल तर गोटी टणकन आपटते आणि तिची बरीचशी ऊर्जा तिथेच जाते. तेवढा भाग हाताने दाबून सपाट करून चिकटपट्टी लावावी. पेला जड असला, म्हणजे स्टीलचा किंवा जाड प्लॅस्टिकचा, तर हलतच नाही आणि मुलं ‘गोटीत ऊर्जा नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळी होतात.

प्रयोगाचा खरा प्रश्न मात्र गोटी सोडायच्या आधीचा आहे. वर बोटाने धरून ठेवलेल्या गोटीत ऊर्जा आहे का? बहुतेक मुलं नाही म्हणतात, कारण ती हलत नाही. त्यांचं उत्तर वहीत लिहून घ्यायचं, चूक म्हणून सांगायचं नाही. मग १०, २० आणि ३० सेंटीमीटरचे आकडे समोर आले की विचारायचं, गोटी तीच, पट्टी तीच, पेला तोच. मग जास्त सरकवायला आलं कुठून? कोणीतरी म्हणतंच, ‘उंचावरून.’ तिथे ‘उंचीमुळे साठलेली’ हा शब्दप्रयोग द्यावा आणि पाचवीला त्याच्याच शेजारी ‘स्थितिज’ लिहावं. पुढचा प्रश्न लगेच : ती उंचीवर कोणी नेली? हाताने. हातात कुठून आली? जेवणातून. ही साखळी इथेच थांबवून ठेवायची. शेंगदाण्याच्या तासिकेला ती परत लागते.

याच तासिकेच्या शेवटी पाच मिनिटं क्रिकेटचा टेनिस बॉल एक मीटरवरून टाकून बघावा. कडक फरशीवर तो ५५ सेंटीमीटरच्या आसपास उसळतो. उरलेल्या ४५ सेंटीमीटरचं काय झालं? ‘संपली’ असं उत्तर येईल. ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं आणि पुसायचं नाही.

ताणाची ऊर्जा शिकवायला बेचकीचं उदाहरण द्यावं, बेचकी वर्गात आणू नये. त्याऐवजी रिळाचा रणगाडा करावा. शिंप्याकडून रिकामी प्लॅस्टिकची रिळं मिळतात. रिळाच्या भोकातून रबरबँड ओवायचा. एका बाजूला त्यात काडेपेटीच्या काडीचा अर्धा तुकडा अडकवून चिकटपट्टीने रिळाला पक्का करायचा. दुसऱ्या बाजूला मेणबत्तीची अर्धा सेंटीमीटर जाडीची चकती लावायची. चकतीतली वात काढली की भोक आपोआप मिळतं, ते तापवलेल्या खिळ्याने आपण जरा मोठं करून द्यायचं. चकतीतून बाहेर आलेल्या रबरात पेन्सिल अडकवायची आणि पंचवीस-तीस पिळे द्यायचे. जमिनीवर ठेवला की रणगाडा हळूहळू, नेटाने चालतो आणि वाटेत ठेवलेल्या पातळ वहीवरही चढतो.

पेन्सिल सर्रकन फिरून सगळा पीळ एका क्षणात सुटला, तर काडीचा तुकडा घसरतोय किंवा रबर सैल आहे. रणगाडा जागेवरच अडून बसला, तर चकती नीट गुळगुळीत झालेली नाही. बोटाने घासून घ्यावी. रीळ जागच्या जागी फिरत राहिलं तर फरशी गुळगुळीत आहे. रिळाच्या दोन्ही कडांवर एकेक रबरबँड चढवला की पकड येते. सहा गटांपैकी दोन तरी पहिल्या खेपेला फसतात, तेव्हा या तासिकेला दुसरं काही ठेवू नये.

रबराचाच एक छोटा अनुभव प्रत्येक मुलाला द्यावा, कारण त्याला साहित्य लागत नाही. न फुगवलेला फुगा किंवा रुंद रबर झटकन ताणून वरच्या ओठाला लावायचं. कोमट लागतं. ताणलेलंच दहा-पंधरा सेकंद हवेत धरायचं, मग सैल सोडून लगेच ओठाला लावायचं. गार लागतं. ओठाची कातडी पातळ असते म्हणून एवढासा फरकही कळतो, बोटाला तो कळत नाही. रबर डोळ्यांपाशी नेऊ द्यायचं नाही आणि प्रत्येकाचं रबर वेगळं.

कोपऱ्यात लिहून ठेवलेलं ‘संपली’ आता काढायचं. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत एक तृतीयांश कोरडी वाळू भरायची, बाटलीवर जुना पायमोजा चढवायचा आणि गटातल्या पाचही जणांनी आळीपाळीने मिळून चारशे वेळा जोरात हलवायची. आधी आणि नंतर वाळूचं तापमान घ्यायचं. दीड-दोन अंश वाढ मिळते. आकडा लहान आहे, पण हात दुखेपर्यंत हलवल्यावर मिळालेले दोन अंश मुलांना फार मोलाचे वाटतात, आणि वाटू द्यावेत. वाळू आदल्या दिवशीच वर्गात, सावलीत आणून ठेवायची. अंगणातून ताजी आणलेली वाळू वर्गापेक्षा गरम किंवा गार असते आणि सगळा प्रयोग उलटा पडतो. ओली वाळू तर बाटलीला चिकटून बसते. कोणी हुशार विचारतं, ‘बाई, हाताच्या गरमीने तापली असेल.’ हा प्रश्न आला तर तासिका सार्थकी लागली. दुसरी तशीच बाटली, तसाच पायमोजा, तेवढाच वेळ नुसती हातात धरून बसायचं आणि दोन्ही तापमानं शेजारी लिहायची.

तापमापकाविषयी थोडं सविस्तर, कारण इथेच बऱ्याच शाळांचं गाडं अडतं. ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर चालत नाही. तो ३२ अंशांखाली आकडाच दाखवत नाही. प्रयोगशाळेतला लाल अल्कोहोलचा, ११० अंशांपर्यंतचा घ्यावा. पाऱ्याचा प्राथमिकच्या वर्गात आणूच नये. मुलं वाचताना तो वाळूतून किंवा पाण्यातून बाहेर काढून डोळ्यांसमोर धरतात आणि तोवर आकडा उतरलेला असतो. आतच ठेवून, डोळे पातळीवर आणून वाचायचा, आणि घातल्यावर किमान एक मिनिट थांबायचं. एक तासिका नुसत्या तापमापक वाचण्यावर घालवली तर पुढच्या चार वाचतात.

बॉलचे हरवलेले ४५ सेंटीमीटर कुठे गेले ते आता मुलंच सांगतात : थोडा आवाज, थोडी उष्णता. ‘संपली’ पुसून तिथे ‘पसरली’ लिहायचं.

उन्हाची तासिका जानेवारी-फेब्रुवारीत घ्यावी. पावसाळ्यात भरवसा नसतो आणि उन्हाळ्यात शाळा सकाळची होते. दोन सारखे पत्र्याचे डबे, एक फळ्याच्या काळ्या रंगाने रंगवलेला, दुसरा पांढऱ्या ऑइलपेंटने. दोन्हींत मापाने २०० मिलिलिटर पाणी, वर झाकण. अकराच्या सुमारास उन्हात ठेवायचे आणि दर दहा मिनिटांनी अर्धा तास तापमान घ्यायचं. काळ्यातलं पाणी तीन-चार अंशांनी पुढे जातं. वारा असेल तर फरक पुसला जातो, तेव्हा भिंतीच्या आडोशाने ठेवावेत. छपरावरचा सोलर बंब ज्यांच्या घरी आहे त्या मुलांना त्याच्या नळ्या काळ्या का असतात हे इथे आपोआप उमगतं. सूर्याकडे थेट बघायचं नाही हे दर खेपेला सांगायचं, आणि भिंग आणलंच तर ते शिक्षकांच्याच हातात राहील.

आवाजाला फार वेळ लागत नाही. वाटीच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट ताणून बांधायची, वर चिमूटभर रवा. शेजारी दहा सेंटीमीटरवर स्टीलची थाळी धरून पळीने वाजवायची. रवा उड्या मारतो. मुलांना वाटीवर तोंडाने ओरडू दिलं तर रवा फुंकरीने उडतो आणि काहीच सिद्ध होत नाही, म्हणून थाळीच घ्यावी. पिशवीवर सुरकुती राहिली तर रवा हलत नाही. थाळी हाताने दाबून आवाज बंद केला की रवाही तत्क्षणी थांबतो, हे मुद्दाम दोन-तीनदा दाखवावं.

आता शेंगदाणा. हा प्रयोग शिक्षकांनीच करायचा, मुलं दोन मीटर अंतरावर अर्धवर्तुळात, जवळ वाळूची बादली, पंखा बंद. वर्गात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, ते आधी पालकांना विचारून ठेवायचं. असेल तर हा प्रयोग सोडून द्यावा. भाजलेला, साल काढलेला एक दाणा घ्यायचा. यू-पिन उघडून सरळ करायची, एक टोक बटाट्याच्या जाड कापात खोचायचं आणि दुसऱ्यावर दाणा बसवायचा. लहान पत्र्याच्या डबीत ५० मिलिलिटर पाणी, त्यात तापमापक तळाला टेकणार नाही असा टांगलेला. डबी दाण्याच्या वर दोन-तीन सेंटीमीटरवर बसेल अशी दोन विटांवर ठेवलेल्या तारेच्या जाळीवर.

दाणा लगेच पेटत नाही. मेणबत्तीची ज्योत वीस-तीस सेकंद धरावी लागते. आधी तो तपकिरी होतो, मग काळा, मग त्याच्या अंगावर तेलाचे बारीक बुडबुडे फुटताना दिसतात आणि एकदम पिवळी, धुरकट ज्योत उभी राहते. मेणबत्ती बाजूला घेतली तरी दाणा आपला आपण जळत राहतो. वर्ग इथे गप्प होतो. एवढासा दाणा दीड-दोन मिनिटं दिव्यासारखा जळतो आणि पाण्याचं तापमान पंधरा-वीस अंशांनी वर जातं. डबीच्या बुडाला काजळी धरते आणि कितीतरी उष्णता बाजूने हवेत जाते, तेव्हा दाण्यातली सगळी ऊर्जा काही पाण्यात येत नाही. मुलांना हे सांगायचं, कारण ‘पसरली’ हा शब्द आता त्यांच्याकडे आहे. दाणा विझला आणि पुन्हा पेटवला तर चालतं, पण मध्ये मेणबत्तीने डबी तापवू नये, नाहीतर कोणाची उष्णता मोजली ते कळत नाही. पिन नंतर बराच वेळ गरम असते.

दाण्यात ऊर्जा रासायनिक रूपात होती. हा शब्द अवघड आहे आणि मुलं त्याचा अर्थ ‘केमिकल घातलेलं’ असा घेतात. आम्ही सांगतो : पदार्थ जळताना, पचताना, आंबताना, गंजताना बदलून दुसराच पदार्थ होतो, तेव्हा जी बाहेर येते ती. शरीरात ज्योत नसते, पण पचलेला दाणा तिथेही हवेतल्या ऑक्सिजनशीच जुळतो, फक्त फार सावकाश. मग बिस्किटाचे रिकामे पुडे वाचायला द्यायचे. शंभर ग्रॅममागे साधारण साडेचारशे किलोकॅलरी असा आकडा सापडतो. एक किलोकॅलरी म्हणजे एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता. आता गोटीच्या तासिकेला थांबवलेली साखळी पुरी होते : सूर्याचा प्रकाश → शेंगेतली रासायनिक → हाताची गती → गोटीची उंची → गोटीची गती → पेला, आवाज, उष्णता. मुलं ही साखळी स्वतः लिहितात तेव्हा वहीत बाण वाकडेतिकडे जातात. जाऊ द्यावेत.

उलट बाजू दाखवायला काचेच्या पेल्यात लिंबाचा रस आणि खायचा सोडा. फेस येतो आणि तापमान उतरतं. रासायनिक बदलात उष्णता बाहेरच पडते असा समज होऊ नये म्हणून एवढं पुरे. चुनकळीवर पाणी टाकून उकळी दाखवायचा मोह टाळावा. डोळ्यांत चुना उडाला तर नजर जाऊ शकते.

विजेच्या तासिकेचा पहिला नियम : भिंतीतल्या सॉकेटला कोणीही, कशासाठीही हात लावायचा नाही. तिथे २३० व्होल्ट आहेत, आपले प्रयोग तीन व्होल्टचे. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. लाल एलईडीला साधारण १.८ ते २ व्होल्ट लागतात, पांढऱ्याला तीनच्या जवळपास. म्हणून एका सेलवर एलईडी लागत नाही आणि मुलं म्हणतात, सेल खराब आहे. दोन सेल ओळीने जोडून त्यांच्यासोबत प्रवाह आवरणारा शंभर ओहमचा रेझिस्टर लावला की लाल एलईडी नीट लागतो. त्याचा लांब पाय सेलच्या अधिक टोकाकडे. उलटा लावला तर लागत नाही, बिघडतही नाही. बटणाएवढे चपटे सेल सोयीचे असले तरी प्राथमिकच्या वर्गात नकोत. गिळले गेले तर अन्ननलिका जाळतात.

‘सेलमध्ये वीज भरलेली असते’ हा समज लिंबांनी दूर होतो. लिंबू आधी टेबलावर दाबून फिरवून मऊ करायचं. एका बाजूला जस्ताचा मुलामा दिलेला खिळा, दुसऱ्या बाजूला जाड तांब्याची तार, दोन्ही आत एकमेकांना लागू द्यायची नाहीत. एका लिंबातून ०.९ व्होल्टच्या आसपास मिळतात. चार लिंबं ओळीने जोडली तर लाल एलईडी अगदी मंद लागतो, या वेळी रेझिस्टरशिवाय. हाताची ओंजळ करून आत बघावं लागतं. टॉर्चचा बल्ब मात्र वीस लिंबांनीही लागणार नाही, कारण विजेचा प्रवाह फारच थोडा असतो. साधा लोखंडी खिळा घेतला की व्होल्ट कमी पडतात, फसण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण. आणि ऊर्जा लिंबात असते असं कृपया सांगू नये. ती जस्त विरघळण्यातून येते, लिंबाचा रस फक्त ते घडवून आणतो. वापरलेली लिंबं सरबताला घ्यायची नाहीत, त्यांत जस्त उतरलेलं असतं.

मग पिवळी गिअरवाली मोटार, खेळण्यांच्या रोबो किटमध्ये असते ती. सेल जोडले की चाक फिरतं हे मुलांना ठाऊक असतं. सेल काढून तिथे एलईडी आणि तोच रेझिस्टर लावायचा आणि चाक हाताने फिरवायचं. एलईडी लागतो. उलट फिरवलं की विझतो. गिअर नसलेली छोटी मोटार बोटांनी फिरवून काही होत नाही, तेवढा वेग हाताने येत नाही. तिला कप्पी लावून उलट्या ठेवलेल्या सायकलच्या मागच्या चाकावर टेकवावी लागते.

यापुढची कृती कोणत्याही गटाची चुकवू नये. मोटारीच्या दोन तारा सुट्या ठेवून चाक फिरवायचं, मग त्याच दोन तारा एकमेकींना जोडून फिरवायचं. चाक एकदम जड लागतं, चिखलात फिरवल्यासारखं. तारा सुट्या केल्या की पुन्हा हलकं. दिसायला काहीही बदललेलं नाही, पण हाताला कळतं. डोळे मिटून फिरवायला सांगावं आणि दुसऱ्याने तारा जोडाव्या-सोडाव्या. मूल डोळे मिटूनच सांगतं, ‘आता जोडल्या.’ वीज फुकट येत नाही, हाताने जास्त द्यावं लागतं तेव्हा तारेतून जास्त जातं, ही गोष्ट याहून सोपी करून सांगायचा मार्ग आम्हाला सापडलेला नाही.

पोटातल्या दाण्यापासून मोटारीपर्यंत आल्यावर कोयना समजायला वेळ लागत नाही. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात धरण. तिथलं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला नेलेलं आणि चिपळूण तालुक्यात पोफळीला, डोंगराच्या पोटातल्या वीजगृहात, सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडलेलं. १९६२ पासून तिथे वीज तयार होते आणि पाणी पुढे वाशिष्ठी नदीला मिळतं. गोटीची केसिंग पट्टी आणि पिवळी मोटार शेजारी ठेवून हे सांगायचं. उंची, गती, चाक, वीज. पाणी उंचावर कोणी नेलं, हा प्रश्न मुलांनाच सुटतो : उन्हाने वाफ केली, ढग झाले, पाऊस पडला. चंद्रपूरकडच्या शाळांनी कोळसा घ्यावा, साताऱ्याच्या बाजूला चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, पालघरला १९६९ पासून चालू असलेलं तारापूरचं अणुवीज केंद्र. तारापूरच्या साखळीचं पहिलं घर मात्र सूर्याचं नाही. अणूच्या आतली ऊर्जा म्हणून नुसतं नाव सांगून पुढे जावं, प्राथमिकला एवढं बास.

मापाचं एकच गणित आम्ही पाचवीला देतो. शंभर ग्रॅमची साबणवडी एक मीटर उचलायला साधारण एक ज्यूल लागतो. दहा लिटरची पाण्याची बादली तेवढीच उचलायला शंभर ज्यूल. लाईट बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजे ती बादली ३६,००० वेळा उचलणं. नऊ वॅटचा एलईडी दिवा त्या एका युनिटवर एकशे अकरा तास चालतो, साठ वॅटचा जुना बल्ब जेमतेम पावणेसतरा. बादली एकेका मुलाला एकदाच उचलायला लावावी आणि मग बिल वाचायला द्यावं.

चाचणीत ‘ऊर्जेचे प्रकार लिहा’ विचारलं तर आठ तासिकांचं काम वाया जातं, कारण मुलं पुन्हा पाठांतराकडे वळतात. आम्ही चित्र देतो : शिट्टी देणारा कुकर, घंटागाडी, भाकरी थापणारे हात, रिचार्ज होत असलेला मोबाईल. प्रत्येकाला किमान तीन बाण. शेवटी उष्णता आली तर एक गुण जास्त.

आणि शेवटच्या दहा मिनिटांत परत पंखा. तापमापक बाकावर ठेवून आकडा लिहायचा. पंखा पूर्ण वेगाने लावून पाच मिनिटांनी काय होईल, ते हात वर करून सांगायचं. जवळजवळ सगळा वर्ग म्हणतो, उतरेल. उतरत नाही. अंगावरचा घाम सुकतो म्हणून आपल्याला गार वाटतं, तापमापकाला घाम नसतो. मग तापमापकाच्या फुग्याला ओला कापूस गुंडाळून पंख्याखाली धरायचा. आता मात्र आकडा मुलांच्या डोळ्यांदेखत उतरतो, कोरड्या हवेत पाच-सहा अंशांनीही. कोरड्या तापमापकाकडे पुन्हा वळून विचारायचं : पंख्याला तारेतून आलेली ऊर्जा गेली कुठे? बाण काढा.